शंभर जण काठी बघून जातात

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (घातला असं धरून चाल. खरोखर घालायला गेलो तर मला उठवायला दोन माणसं लागतील आणि तोवर टपाल निघून जाईल.) तू खुशाल असशील, बाल्कनीतल्या कुंड्या तुझ्या धाकाने रांगेत उभ्या असतील, आणि खालच्या मजल्यावरचे लोक अजूनही तुझ्या दारावरून जाताना आवाज खाली आणत असतील असं समजतो. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी भावजय तर नेहमीपेक्षा जरा जास्तच ठीक आहे. त्याचं कारण पुढे येईल.

मागे फोनवर तू दुकानाचं विचारलंस, तेव्हा मी "चाललंय" म्हणालो आणि घाईघाईने हवेवर घसरलो. ते काही खरं नव्हतं. पण खरं सांगायचं तर सलग वीस मिनिटं बोलावं लागलं असतं, आणि फोनवर तू मला दोन मिनिटांच्या वर बोलू देत नाहीस. (लहानपणीही देत नव्हतीस. मी तक्रार करत नाही, नोंद करतो आहे.) पत्रात मधे बोलायची सोय नसते, म्हणून पत्र.

तुला आठवत असेल, बाबांनी ही जागा घेतली तेव्हा ते लेथवर खुर्च्यांचे आणि टेबलांचे पाय कातायचे. माल न्यायला धडधाकट सुतार यायचे, त्यामुळे दुकानाला रस्त्यावरून चार पायऱ्या आहेत याचं कोणाला काही वाटलं नाही. पुढे खुर्च्यांचे पाय कारखान्यात व्हायला लागले आणि मी हातातल्या काठ्यांकडे वळलो. आता काठीच्या दुकानाला चार पायऱ्या, तीही कठडा नसलेल्या, हे काही फार विचार करून केलेलं काम नव्हे. जो पायऱ्या चढून वर येतो त्याला काठी नको असते, आणि ज्याला हवी असते तो खालून हात हलवतो आणि निघून जातो. त्यात समोरच्या औषधाच्या दुकानाने दारातच ॲल्युमिनियमच्या घडीच्या काठ्या टांगल्या. त्या चालताना खुळखुळतात, पण त्यांना पायऱ्या नाहीत.

शेवटी अशी वेळ आली की दारं-खिडक्या बनवणारा एक कारखानदार येऊन बाबांच्या लेथची लांबी-रुंदी टेपने मोजून गेला. हे तुला कळवलं नव्हतं. त्याला तीन महिन्यांनी लेथ विकतो की नाही ते सांगायचं होतं. तो मोजत असताना मी उगाचच भुसा झाडत राहिलो आणि तुझी भावजय आत जाऊन पाण्याचा पेला धूत राहिली, एकच पेला, पाच मिनिटं. त्याच रविवारी आमच्या लेकीने नवऱ्याला सांगितलं की बाबांसाठी काहीतरी कर.

जावई तुला माहीत आहेच. गुणी माणूस. कमी बोलतो, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो, आणि कॉम्प्युटरवर लोकांची दुकानं चालवून देण्याचं काम करतो. त्याने आठवड्याभरात माझं ऑनलाइन दुकान उभं केलं. सत्तावीस काठ्या, प्रत्येकीचा फोटो, लाकडाचं नाव, उंची, वजन. पहिलाच मोठा फोटो काठी धरलेल्या माणसाचा हवा, असं तो म्हणाला, आणि मॉडेल म्हणून बाहेरचा माणूस आणायची गरज नाही याबद्दल घरात कोणाचंच दुमत झालं नाही. मला जुना स्वेटर घालून भिंतीशी उभं केलं. जरा वाका, अजून वाका, चेहऱ्यावर थोडी व्यथा आणा, अशा सूचना लेकीच्या. मी जीव ओतून वाकलो. फोटो इतका उत्तम आला की तो बघून पुतण्याने फोन करून माझी तब्येत विचारली.

पहिल्या महिन्यात माझ्या दुकानात अकराशे चाळीस माणसं येऊन गेली. अक्का, बाबांच्या सबंध आयुष्यात या दुकानात इतकी माणसं आली नसतील. मी सकाळी उठून आधी तो आकडा बघायचो आणि मग चहा घ्यायचो. या अकराशे चाळिसांतून काठी घेतली एकाने, आणि ती आमची लेक निघाली. (सासरच्या आजीसाठी घेतली. आजींनी ती पडदा सरकवायला ठेवली आहे.)

मग जावई गंभीर झाला आणि म्हणाला, "बाबा, आपला कन्व्हर्जन रेट फार कमी आहे." हे मात्र मला लागलं. चाळीस वर्षं मी इंचाचे सेंटिमीटर मनातल्या मनात करतो आहे आणि आजवर एका काठीची चूक नाही. मी त्याला वही काढून दाखवली, एक इंच म्हणजे दोन पूर्णांक चोपन्न, हे बघ. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग त्याने अतिशय प्रेमाने समजावलं की त्याचं म्हणणं तसलं रूपांतर नव्हे. बघणाऱ्यांतले घेणारे किती होतात, ते प्रमाण. मी म्हणालो, अरे मग सरळ सांग ना की लोक बघून जातात. तेव्हापासून आमच्या घरात त्याला तेवढंच म्हणतात. जावई घरात आला की तुझी भावजय विचारते, काय रे, आज किती जण बघून गेले?

त्यावर त्याने जे उपाय केले ते सांगतो. मनावर घेऊ नकोस, पोराच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याच्या धंद्यात हे सगळेच करतात. दुकान उघडलं की पहिल्यांदा एक रंगीत चक्र फिरायला लागायचं आणि माणसाला सवलत लागायची. मग वरच्या बाजूला एक घड्याळ उलटं धावायचं, की एवढ्या वेळात घेतलं नाही तर सवलत गेली. ते घड्याळ बघून माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि मी स्वतःच स्वतःची एक काठी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला चार पायऱ्या चढून पार्सल घेऊन गेला, आणि चौथ्या दिवशी तोच चार पायऱ्या चढून ते घेऊन आला. सही घेताना माझ्याकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. बरा माणूस आहे.

याखेरीज प्रत्येक काठीखाली "फक्त एकच शिल्लक" असं लिहून यायचं. बाकीच्या खरोखर एकेकच होत्या, पण एका प्रकारच्या माझ्याकडे वीस. मी जावयाला म्हणालो की हे खोटं आहे. तो म्हणाला, बाबा, सगळे असंच लिहितात. मला काही झोप लागेना. शेवटी मी उरलेल्या एकोणीस काठ्या दुकानातून उचलून मागे घरात आणल्या आणि कपाटात उभ्या केल्या, म्हणजे दुकानात निदान एकच शिल्लक आहे हे खरं होईल. त्या आठवड्यात घरात कोणीही कपाट उघडलं की एकोणीस काठ्या एकदम खाली यायच्या. तुझ्या भावजयीने तीन दिवस त्या उचलून परत उभ्या केल्या, चौथ्या दिवशी तिच्या साड्या लेकीच्या खोलीत हलवल्या.

आणि भावजयीवरून आठवलं, तिला एक खिडकी मिळाली. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, तिथे गिऱ्हाइकाने प्रश्न लिहायचा आणि आपण उत्तर लिहायचं. मला टायपिंगला वेळ लागतो म्हणून ते काम तिच्याकडे गेलं. अक्का, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. कोणी विचारलं की गुडघा दुखतो, कोणती काठी घेऊ, तर ही विचारणार, कधीपासून दुखतो, कोणत्या बाजूने दुखतो, घरात कोण कोण आहे, आणि शेवटी सांगणार की काठीचं राहू द्या, आधी पायातलं बदला, टाच झिजली असेल. एका निवृत्त इंजिनचालकाला चक्कर यायची. त्याला हिने सरळ सांगितलं की आमची काठी घेऊ नका, डॉक्टरकडे जा. तो गेला, डॉक्टरांनी गोळी बदलली, चक्कर थांबली. आता तो रोज सकाळी हिला आपल्या मांजरीचा फोटो पाठवतो. त्या महिन्यात हिने चौतीस माणसांना बरं केलं आणि एकही काठी विकली नाही. जावई आकडे बघून डोकं धरून बसला. ही म्हणाली, मला तर आवडलं बाई हे दुकान.

दुसऱ्या महिनाअखेर एकोणीसशे जण बघून गेले होते आणि दोन काठ्या गेल्या होत्या, त्यातली एक मीच घेतलेली. लेथवाल्या कारखानदाराला उत्तर द्यायला एक महिना राहिला. मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. रोज काम संपलं की लेथला तेल देताना हात जरा जास्त वेळ फिरवायचो, एवढंच.

मग जावयाने शेवटचा उपाय काढला. कोणीतरी खरं गिऱ्हाईक समोर बसवायचं, त्याला काठी विकत घ्यायला सांगायचं, आणि आपण मागे बसून अवाक्षर काढायचं नाही. (माझ्यासाठी हा शेवटचा भाग फार कठीण. हिने माझ्या हातात सोलायला मटार दिले.) गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या बाई आल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि उन्हात, थंडीत, कधीही बाहेर पडल्या तरी हातात लांब दांड्याची छत्री असते. ती उघडलेली मी तरी पाहिलेली नाही.

बाई चष्मा पुसून बसल्या. चक्र फिरलं. ते बंद करायची फुली इतकी बारीक की त्यांचं बोट तीनदा चक्रावरच पडलं आणि त्यांना तीनदा बक्षीस लागलं. बाई जावयाकडे वळून शांतपणे म्हणाल्या की बक्षीस मिळावं असं त्यांनी काही केलेलं नाही. मग घड्याळ धावायला लागलं. त्या म्हणाल्या, परीक्षेत मुलांनाही सुरुवातीची दहा मिनिटं पेपर वाचायला देतो. मग त्यांनी कागद मागितला, लाल पेन मागितलं, आणि आमच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका उतरवून काढल्या. जावई घामाघूम, मी मटार सोलतोय. एवढं सगळं होऊन त्यांनी अक्रोडाची काठी निवडली, टोपलीत टाकली, आणि पुढे नाव, पत्ता, जन्मवर्ष. जन्मवर्षाची यादी खाली खाली नेत त्या शेवटपर्यंत पोचल्या आणि थांबल्या. यादी त्यांच्या जन्माच्या चार वर्षं अलीकडेच संपत होती. अक्का, दुकान काठ्यांचं, आणि त्यात पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाला जन्मच घेता येत नव्हता! (दोन महिने आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी स्वतः घेतली तेव्हा माझं वर्ष व्यवस्थित सापडलं होतं.)

मला वाटलं, सापडलं, हेच कारण. मी तोंड उघडणार तोच हिने मटारांची आणखी एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. बाई मात्र मागे मागे जात पहिल्या पानावर आल्या होत्या आणि माझ्या त्या फोटोकडे बघत होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हे तुम्ही का?"

मी मान हलवली.

"मला हा माणूस व्हायचं नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं, छत्रीबद्दल. दोन वर्षांपूर्वी त्या बँकेच्या दारात पडल्या होत्या. घरी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वेळेपासून बँकेत मुलगा गेला असता. काठी घेतली की लोक हात धरायला येतात, मोठ्याने बोलतात, वाक्यं सोपी करतात. छत्री घेतलेल्या बाईशी मात्र सगळे नीट बोलतात. "तुमच्या काठ्या चांगल्या आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही त्या म्हातारपण म्हणून विकताय. ते आम्हाला फुकट मिळालंय."

मी मटार खाली ठेवले, दुकानात गेलो आणि ती अक्रोडाची काठी घेऊन आलो. बाईंना उभं केलं, माप घेतलं, खालून बोटभर कापली, कानस मारली, रबरी टोपण बसवलं, आणि त्यांच्या हातात दिली. त्या आमच्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. परत येताना, अक्का, त्यांची पाठ सरळ होती. छत्री आखूड होती म्हणून इतके दिवस त्या एका बाजूला कलून चालत होत्या, आणि आम्ही सगळे ते वय समजत होतो. त्या फाटकाशी उभ्या राहून काठीच्या टोकाने समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची चूक दाखवत होत्या, तेवढ्यात लेकीने फोटो काढला. पाटी आली नाही, पण बाई आल्या. एखादा सेनापती किल्ला दाखवतो ना, तशा.

जावई त्या दिवशी जेवला नाही. तसाच बसून त्याने चक्र काढलं, घड्याळ काढलं, "एकच शिल्लक" काढलं, जन्मवर्ष तर मुळातूनच काढलं. जाताना मला म्हणाला की लोक कुठपर्यंत येऊन परत जातात ते त्याला दोन महिने रोज दिसत होतं, पण का जातात ते कोणाला विचारावं असं काही सुचलं नाही. मी म्हणालो, अरे, मी तर चाळीस वर्षं पायऱ्यांखालून हात हलवणारी माणसं बघतोय. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेले मटार सोलले.

आता पहिल्या पानावर बाई आहेत, अक्षरं मोठी आहेत, आणि खाली आमचा फोन नंबर आहे. खिडकी हिने ठेवून घेतली, ती काढायची कोणाची हिंमत नाही. आणि गंमत बघ, हिने ज्यांना नको म्हणून सांगितलं होतं त्यांतले नऊ जण परत आले. इंजिनचालकाने तर दोन मागवल्या, एक बायकोला. गेल्या आठवड्यात जावई आनंदाने ओरडतच घरात शिरला, की आता शंभरातले तीन जण घेतात. मी म्हणालो, आणि सत्त्याण्णव? तो म्हणाला, ते बघून जातात, तीन म्हणजे फार उत्तम. अक्का, त्याच्या धंद्यात शंभरातले सत्त्याण्णव जण निघून गेले की पेढे वाटतात. मला अजून पचलेलं नाही, पण महिनाभर रोज लेथ चालू आहे.

कारखानदार ठरल्या दिवशी आला. मी मूठ कातत होतो, हात सोडवता येत नव्हता, म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला. काम संपेपर्यंत त्याने उत्तर विचारलं नाही आणि मीही दिलं नाही. जाताना तो आईसाठी एक काठी घेऊन गेला. लेथ जागेवर आहे. बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेली ती लाकडी मूठ अजून तशीच आहे, हे तुला कळवावंसं वाटलं.

प्रकृतीला जप. मोठ्यांना नमस्कार लिहायचा रिवाज आहे, पण तुझ्याहून मोठं आता आपल्यात कोणी उरलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी भावजय विचारते आहे की बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला तू हल्ली शेजारणीला का बोलावतेस. मी म्हणालो, अक्काला कंटाळा येत असेल. ती म्हणाली, अक्कांना?

ता. क. दुसरा. ज्यांनी काठी टोपलीत टाकली, नाव, पत्ता, माप भरलं आणि न घेता निघून गेले अशांची एक यादी जावयाने मला दिली आहे. रोज सकाळी मी ती वाचतो. त्यात एक बाई आहेत. अक्रोडाची काठी, वाकडी मूठ. तीन आठवड्यांत सात वेळा टोपलीत टाकली आणि सात वेळा काढून टाकली, दर वेळी पहाटे साडेपाचला, म्हणजे ज्या वेळी तू तासभर झपाझप फिरायला जातेस असं सगळ्यांना सांगतेस. पत्ता तुझा आहे. नाव मात्र आपल्या आईचं लिहिलं आहेस. यादी मी माझ्यापाशीच ठेवली आहे आणि त्या ओळीबद्दल घरात कोणाला बोललेलो नाही. (हिला कळलं असेल. मी सांगितलेलं नाही.)

ता. क. तिसरा. वरची सगळी पानं खरी आहेत, पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी. पहिल्याच ओळीत विचारलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस. काठी कातून तयार आहे, फक्त उंची राहिली आहे. तू भरलेलं माप चुकीचं आहे, ते तू खाली वाकून एकटीने घेतलेलं असणार. सरळ उभं राहून, रोजच्या चपला घालून, मनगटापासून जमिनीपर्यंत, आणि दुसऱ्या कोणीतरी घ्यावं लागतं. म्हणून रविवारी मी टेप घेऊन येतो आहे. नको म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. फक्त दारात सरळ उभी राहून म्हण, आणि जरा सावकाश म्हण, म्हणजे तेवढ्यात माझं माप घेऊन होईल.